खेळणे कोणाच्या हातात? : लाकडी खेळण्यांवरील लेखनाची उलटतपासणी

लाकडी खेळण्यांवर मराठीत काही वाचायला घेतले की बहुधा एकाच साच्यातला लेख हाती येतो. आरंभी एक राजा असतो. त्याने परमुलखातून आणवलेले कारागीर असतात. मग सुवर्णकाळ, मग प्लास्टिक, आणि शेवटी ‘ही कला आता अखेरच्या घटका मोजते आहे’ असा समारोप. लेख सावंतवाडीवरचा असो, चन्नपट्टणवरचा असो की कोंडापल्लीवरचा. नावे बदलतात, मांडणी बदलत नाही. या लेखांत लाकूड बेताचेच असते, कातकाम जवळजवळ नसतेच, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते मूल तर कुठेच दिसत नाही.

गेली बरीच वर्षे मी या विषयाचा पिच्छा पुरवतो आहे. माझ्याजवळ ना कलाशाळेची पदवी, ना पुरातत्त्वाची. त्यामुळे असेल, पण मला पडलेले प्रश्न अगदी साधे आहेत. हे खेळणे किती जड आहे? ते तोंडात घातले तर काय होईल? पडले तर फुटेल का? आणि ते घरात कुठे ठेवले जाते, मुलाच्या हाताला लागेल अशा जागी की काचेच्या कपाटात? या प्रश्नांच्या उजेडात आपले आजवरचे लेखन तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राजाची गोष्ट

चन्नपट्टणची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या या गावी टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणवले आणि त्यांनी स्थानिकांना लाखकाम शिकवले, अशी ती गोष्ट. कोंडापल्लीची खेळणी करणारे आर्यक्षत्रिय कारागीर आपले मूळ राजस्थानात सांगतात आणि मुक्तऋषीला आपला आद्यपुरुष मानतात. सावंतवाडीच्या बाबतीत तिसऱ्या खेमसावंतांचे (कारकीर्द १७५५ ते १८०३) नाव येते. त्यांच्या दरबारी धर्मचर्चेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी गंजिफांचा खेळ आणला, तो पाहून इथल्या चिताऱ्यांनी पत्ते रंगवायला घेतले, असे सांगतात.

या कथा खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. परंपरा स्वतःविषयी काय सांगते हाही पुरावाच असतो. अडचण आहे ती त्या कथांवर आपण किती भार टाकतो याची. सावंतवाडीचेच पाहा. ती कथा गंजिफांची आहे. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांचे बारा बारा, असे १२० पत्ते. डोके चालवायचा मोठ्या माणसांचा खेळ. त्याची दरबारी कुळकथा लेखकांनी सरसकट उचलून लाकडी खेळण्यांना जोडली. पण पाळण्यावर टांगायचे खेळणे किंवा भातुकलीतले लाटणे सुरू व्हायला शास्त्री-पंडितांची वाट कशाला पाहावी लागेल?

चन्नपट्टणच्या कथेला दुसरा अडथळा आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवण्याची रीत एकट्या म्हैसूर मुलखाची नाही. गुजरातेत संखेड्याचे पाळणे आणि बैठका त्याच रीतीने रंगतात, उत्तरेत वाराणशीची लाकडी खेळणी आणि कुंकवाचे करंडे त्याच रीतीने रंगतात, दक्षिणेत एटिकोप्पाकाही तेच करते. इतक्या लांबरुंद पट्ट्यात पसरलेल्या तंत्राचा उगम एका सुलतानाच्या एका फर्मानात शोधणे म्हणजे नदीचे मूळ एखाद्या घाटाच्या पायरीवर शोधणे आहे. आश्रयदात्याने मागणी वाढवली असेल, काम नजाकतदार करून घेतले असेल. पण कातारी त्याच्या आधीपासून काम करतच होता.

राजाची गोष्ट टिकते याचे कारण सोपे आहे. ती प्रदर्शनातल्या पाटीवर बसते, अर्जात शोभते, आणि गिऱ्हाइकाला वस्तूच्या वाढीव किमतीचे कारण देते. संशोधकाने मात्र त्या पाटीच्या मागे जायला हवे.

लाकूड काय सांगते

कागदपत्रे जिथे मुकी असतात तिथे झाड बोलते. चन्नपट्टणचे कारागीर ज्याला ‘आले मर’ म्हणतात आणि आंध्रात एटिकोप्पाकाचे कारागीर ज्याला ‘अंकुडू’ म्हणतात, ते झाड एकच. आपण त्याला काळा कुडा म्हणतो. त्याचे लाकूड पांढरट, बारीक पोताचे असते आणि कातायला लोण्यासारखे जाते. कोंडापल्लीचे ‘पोनिकी’ हे झाड वेगळे, लाकूड फार हलके. निर्मलचे कारागीरही तेच वापरतात. म्हणजे नकाशावर राजे पुसून झाडे मांडली तर चार गावांच्या दोन जोड्या होतात आणि दोन वेगळ्या कारागिऱ्या उघड होतात.

काळ्या कुड्याची जोडी कातकामाची आहे. इथे लाकूड स्वतःभोवती फिरते आणि हत्यार स्थिर राहते. त्यामुळे ज्याला मधोमध आस आहे तेच कातावर उतरते: भोवरा, खुळखुळा, लाटणे, गोल डोक्याची बाहुली, चाक. रंगही तिथेच चढतो. लाकूड वेगाने फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि पृष्ठभागावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान दाबून ती सारखी करतात आणि झळाळी आणतात. या रीतीने पट्टे निघतात, वलये निघतात. डोळे-नाक निघत नाही. चन्नपट्टणच्या बाहुलीचा चेहरा दोन ठिपक्यांत आटोपतो तो कलावंताच्या साधेपणाच्या व्रतामुळे नव्हे. कातावर तेवढेच शक्य असते.

पोनिकीची जोडी कोरीव कामाची. कोंडापल्लीत अवयव वेगवेगळे कोरतात आणि लाकडाचा भुसा व चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने जोडतात. वर चुन्याचा हात, त्यावर कुंचल्याने रंग. त्यामुळे तिथे अंबारीचा हत्ती येतो, ताडावर चढणारा माणूस येतो, दशावतार येतात, दळणारी-कांडणारी बाई येते. नाक, मिशी, लुगड्याचा काठ, सगळे काही येते. पण सोंड डकवलेली असते, हात डकवलेला असतो. मुलाने ओढला की तो निघतो.

वरवर हा तपशील रुक्ष वाटेल. माझ्या मते मात्र समीक्षा इथूनच सुरू होते. ‘मोहक’, ‘देखणे’, ‘पारंपरिक’ ही विशेषणे दोन्ही जोड्यांना सारखीच चिकटवता येतात, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. कातीव खेळणे हातात राहण्यासाठी जन्मते आणि कोरीव-जोडीव खेळणे मांडण्यासाठी, हा फरक मात्र वस्तू हातात घेताच कळतो.

कातारी आणि चितारी

सावंतवाडी मला महत्त्वाची वाटते ती या दोन्ही वाटा तिथे एकत्र येतात म्हणून. लाकूड कातणारा तो कातारी आणि रंगवणारा तो चितारी, असे दोन शब्द मराठीत आहेत. या गावात त्या दोघांचे काम एकाच वस्तूत भेटते. जुना रंगीत चौरंग पाहा. पाय कातलेले, लाखेच्या वलयांचे. वरची फळी कुंचल्याने रंगवलेली, कडेला वेलबुट्टी. पायांत कातारी आहे, फळीवर चितारी. देवघरातला पाट, पाळणा, भातुकलीतले पोळपाट-लाटणे, जाते, ताक घुसळायची रवी, ही सगळी त्याच घरची भावंडे.

१८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचे एकत्र गॅझेटियर निघाले. गंजिफा, वाळ्याचे पंखे, शिंगाच्या वस्तू अशा इथल्या कारागिरीची दखल इंग्रज अंमलदारांनी त्या काळात घेतली. पण त्यांची नजर निर्यातीच्या आणि प्रदर्शनाच्या वस्तूंवर होती. पोराच्या हातातला भोवरा त्या नजरेत भरणारा नव्हता. आपण लिहायला लागलो तेव्हा ती नजर तशीच उचलली.

पुढे सावंतवाडीची ओळख झाली ती रंगवलेल्या लाकडी फळांनी. आंबा, फणस, केळी, सीताफळ, वांगे, मिरची. रंग इतका हुबेहूब की हात आपोआप पुढे जावा. पूर्वी यासाठी पांगाऱ्याचे लाकूड आवडीने वापरत. पांगारा काटेरी खरा, पण लाकूड हलके आणि मऊ. मिरीच्या वेलाला आधार म्हणून तो कोकणातल्या बागांत लावलेला असायचाच. आता आंब्याच्या लाकडावर बरेच काम चालते आणि लाखेऐवजी डब्यातला तयार रंग लागतो.

ही फळे अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण ती कोणासाठी आहेत? फळ खऱ्याच्या आकाराचे, पण चिरता येत नाही, सोलता येत नाही. मुलाच्या खेळात त्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्याच दुकानातले वीतभर पोळपाट-लाटणे दिसायला साधे, पण त्यावर दिवसाला शंभर पोळ्या लाटून होतात. फळ हा चिताऱ्याच्या कौशल्याचा विजय आहे, लाटणे ही कातार्‍याची देणगी आहे. आपल्या लेखांची छायाचित्रे मोजली तर फळांच्या टोपल्या भरपूर सापडतील; लाटणे क्वचित.

मांडायचे आणि ओढायचे

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मांडणे हाही खेळण्यांचा जुनाच उपयोग नाही का? आहे. आंध्र-तेलंगणात बोम्मल कोलुवू भरवतात, म्हैसूरकडे दसऱ्याला बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास करताना घरातली खेळणी बाहेर निघतात, रुखवतात लाकडी फळांची परडी असते, आणि दिवाळीत किल्ल्यावर मावळे उभे राहतात. मांडण्याच्या परंपरेला कमी लेखायचे कारण नाही. पण किल्ल्याचे उदाहरण नीट पाहा. तिथे मांडणारे मूलच असते. मावळा बुरुजावर ठेवायचा की दरवाज्यात, हे तेच ठरवते, आणि तोफ रोज जागा बदलते. मांडण्यातही खेळ राहतो, मांडणारा हात मुलाचा असेल तर. काचेच्या कपाटाची किल्ली मोठ्यांकडे असते. फरक आहे तो हाच.

दायमाबादचे प्रसिद्ध कांस्य रथ आणि प्राणी आठवावेत. १९७४ साली प्रवरेकाठी सापडलेल्या या चार वस्तूंपैकी रथ, गेंडा, रेडा यांना चाके आहेत, चौथा हत्तीही मुळात चाकांवरचाच असावा. चाके दिसली की ‘खेळणे’ म्हणायचा मोह होतो. पण चारींचे मिळून वजन साठ किलोंवर जाते. कुठले मूल ते ओढणार? चाकांवरून खेळणे ठरत नाही, वजनावरून बरेच काही ठरते. त्याच काळातली लाकडी खेळणी असतील तर ती केव्हाच मातीत मिसळली. धातू उरतो, माती उरते, लाकूड उरत नाही. म्हणून लाकडी खेळण्यांचा इतिहास वस्तुसंग्रहालयातल्या कपाटांवरून लिहू गेलो तर तो श्रीमंतांच्या घरी जपल्या गेलेल्या वस्तूंचा इतिहास होतो.

‘मृच्छकटिका’तला रोहसेन आपल्याला देवलांच्या नाटकामुळे चांगला परिचयाचा. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी खेळून आल्यावर त्याला मातीची गाडी नको होते. या प्रसंगात आपण दारिद्र्य पाहतो, वसंतसेनेचे औदार्य पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खेळणे कशाचे असावे याचे मत मुलालाही असते, आणि नाटककाराने ते मत इतके मनावर घेतले की अख्ख्या नाटकाला त्या गाडीचे नाव दिले.

यादीबाहेरची खेळणी

चन्नपट्टण, कोंडापल्ली, निर्मल, एटिकोप्पाका यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकूडकामालाही ते अलीकडे मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मुलांनी हाताळलेली लाकडी खेळणी कोणती, असा प्रश्न विचारला तर उत्तर वेगळे येते: पांगुळगाडा, विटीदांडू, भोवरा, ठकी आणि विदर्भातला लाकडी बैल.

पांगुळगाडा गावोगावचा सुतार करायचा. तीन चाके, एक आडवी दांडी. उभे राहू पाहणाऱ्या मुलाच्या छातीपर्यंत उंची. मागची दोन चाके रुंद अंतरावर, पुढचे एक मधोमध. गाडा फार हलका झाला तर मुलाच्या हातून निसटतो, फार जड झाला तर हलत नाही. हा तोल सुताराने कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, समोर धडपडणाऱ्या मुलाकडे पाहून घेतला होता. ठकी म्हणजे एकाच ठोकळ्यातून काढलेली बाहुली. हात अंगाशी चिकटलेले, पाय सुटे नाहीत, लुगडे रंगवलेले. ‘ओबडधोबड’ म्हणून तिची बोळवण होते. वास्तविक सुटे अवयव नसणे हाच तिचा गुण आहे. ती आपटून, ओढून, चिंध्यांत गुंडाळून, भावलाभावलीच्या लग्नात नाचवून पुन्हा तशीच उरते. मराठीने लाडक्या पोरीलाही ठकी म्हटले, यापेक्षा मोठे मानांकन कोणते?

तान्हा पोळा तर या विषयातला सर्वांत बोलका दाखला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आणि विदर्भात मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा घेतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हे चालत आल्याचे सांगतात. इथे बैल मांडून ठेवायचा नसतो. त्याला दोरी असते आणि तो रस्त्यावरून ओढायचा असतो. म्हणून चाक नीट फिरावे लागते, पाय मजबूत लागतात, वजन पोराच्या ताकदीइतके लागते. दरवर्षी नवी पोरे येतात, दरवर्षी बाजार भरतो. ‘अखेरच्या घटका’ मोजणाऱ्या लेखांत या बाजाराचा उल्लेख का नसतो? कारण तिथला सुतार स्वतःला हस्तकलाकार म्हणवत नाही आणि आपण त्याला तसे पाहायला शिकलेलो नाही.

आता सावंतवाडीकडे परत येऊ. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफांचा जवळजवळ विझलेला दिवा सांभाळला, राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून काम दिले. हे ऋण मोठे आहे. ते नसते तर आज चिंचोक्याची खळ देऊन कापडाचा पत्ता घोटण्याची रीत सांगणारा हात उरला नसता. पण त्यातूनच एक मर्यादाही दिसते. गंजिफा वाचल्या त्या चित्र म्हणून. डाव मांडून बसणारे फार थोडे उरले. पत्त्याला हे चालून जाते, पत्ता भिंतीवरही शोभतो. खेळण्याला मात्र ती वाट सोसत नाही. खेळ संपला की खेळणे संपते, मागे भेटवस्तू उरते.

कायद्याने दिलेली सूट

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, हे अलीकडच्या एका सरकारी आदेशावरून लख्ख दिसते. २०२० साली केंद्राने खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना मानक ब्युरोची खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली. टोकदार कडा, सुटणारे भाग, रंगातले शिसे यांची चाचणी त्यात येते. लहान कारागिराला हा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादकांना या सक्तीतून सूट मिळाली.

सूट योग्यच होती. ती नसती तर कितीतरी घरांच्या चुली विझल्या असत्या. पण तिचा अर्थ वाचायला हवा. कारखान्यातले खेळणे मुलाच्या तोंडात जाईल म्हणून तपासायचे आणि परंपरेचे खेळणे हस्तकला म्हणून सोडून द्यायचे. याचा अर्थ असा, की परंपरेचे खेळणे मूल तोंडात घालणार नाही हे आपण मनातल्या मनात मान्य केले आहे. आदेश काढणाऱ्यांनी फक्त ते कागदावर आणले. आपल्या लेखांनी, प्रदर्शनांनी आणि कपाटांनी ती समजूत आधीच तयार केली होती.

लाख आणि वनस्पतिज रंग यांचे खरे मोल इथे कळते. एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी बिया, मुळ्या, साली, पाने यांपासून रंग काढून लाखेत मिसळण्याची रीत पुन्हा उभी केली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाकडे ‘नैसर्गिक रंगांचे सौंदर्य’ म्हणून पाहिले जाते. मला त्यात सौंदर्याआधी जबाबदारी दिसते. तान्ह्या मुलाचा हात आणि तोंड यांत अंतर नसते, हे ध्यानात घेऊन केलेला तो रंग आहे. जुन्या लाखकामाला हे शहाणपण आपोआप लाभले होते. डब्यातला रंग आला तेव्हा काम झटपट झाले, रंगांची छटा वाढली, आणि खेळणे नकळत शोभेच्या रांगेत जाऊन बसले.

म्हणून माझे म्हणणे असे. परंपरेच्या खेळण्यांना चाचणीतून सूट असावी, पण चाचणी मात्र व्हावी, आणि तिचा खर्च कारागिराच्या माथी मारू नये. ज्या शासनाला मानांकनाच्या समारंभाला पैसा मिळतो त्याला रंगाची डबी तपासायलाही मिळू शकेल. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा रंग आणि नमुने तपासून दिले, तर कारागिराच्या हाती मानांकनाहून कामाचा कागद येईल: हे तुमच्या बाळाला देता येईल, असे सांगणारा.

आणि लेखन करणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीही, काम आहेच. गावातल्या वयस्क सुताराला पांगुळगाड्याच्या दांडीची उंची विचारून टिपून ठेवावी. तान्ह्या पोळ्याच्या बाजारात बैलाच्या चाकाला कोणते लाकूड लावतात, आस कशाची असते, दोरी कुठे बांधतात हे लिहावे. घरातल्या माळ्यावर ठकी असेल तर तिची उंची आणि वजन, कुठल्या बाजूने ती झिजली आहे ते नोंदवावे. झिजलेली बाजू म्हणजे कुठल्याशा मुलीने तिला कसे धरले त्याची नोंद असते. राजाचे नाव त्यात सापडणार नाही. पण खेळण्यांचा इतिहास लिहायचा तर तो त्या झिजेवरूनच लिहावा लागेल.